दोन किलोवॅटचे पाच करताना

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
जागतिक व्यापार केंद्र, कफ परेड,
मुंबई 400005



पिनकोडसकट पत्ता लिहिला, कारण चौतीस वर्षं टपाल खात्यात काढून 2015 साली निवृत्त झालो. अर्धवट पत्त्याच्या पत्राचं काय होतं ते मी रोज पाहिलं आहे. ते हरवत नाही, फाटत नाही, नुसतं फिरत राहतं. या बीटमधून त्या बीटमध्ये जातं, प्रत्येक पोस्टमन पाठीमागे पेन्सिलीनं काहीतरी खरडतो आणि शेवटी ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन ते पाठवणाऱ्याच्याच दारात येतं. घराच्या छतावरचं सोलर दोन किलोवॅटवरून पाचवर न्यायचा माझा अर्ज गेल्या दिवाळीपासून असाच फिरतो आहे. म्हणून हे पत्र थेट आपल्याला. आणि उघडं अशासाठी, की माझ्यासारखे गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना अर्ज करावा लागतो हेही माहीत नाही.

वीजदर कोण ठरवतं, असं आमच्या सकाळच्या कट्ट्यावर विचारलं तर निम्मे सरकार म्हणतील, निम्मे वीज कंपनी. 1999 पासून हे काम करणाऱ्या आयोगाचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. छतावरची वीज जाळ्याला कशी जोडायची, तिचा जमाखर्च कसा मांडायचा, हे 2015 साली आणि पुन्हा नव्यानं 2019 साली आपल्याच विनियमांनी ठरलं. माझ्या घरावरचं सोलर त्या पहिल्या विनियमांचं अपत्य आहे.

निवृत्तीच्या पैशातून 2017 च्या जानेवारीत ते बसवलं. सहा पॅनेलं, प्रत्येकी 325 वॅटची, निळसर, पॉलिक्रिस्टलाइन. सोबत दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर. घरात मी आणि सौ. पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर आणि नागपूरकराचा कूलर, एवढाच कारभार. रोजची सरासरी आठ युनिटं पुरून उरायची. गल्लीतलं ते पहिलंच सोलर, त्यामुळे लोक गणपती बघायला येतात तसे छतावर यायचे. सौ.ची एकच तक्रार होती आणि ती आजही आहे: कुरडया-पापड वाळवायची गच्चीवरची चांगली दक्षिणेकडची जागा पॅनेलांनी खाल्ली.

मग घर वाढलं. 2020 मध्ये मुलगा आणि सून पुण्याहून लॅपटॉप घेऊन आले ते इथलेच झाले. आधी एक एसी आला, नातीच्या जन्मानंतर दुसरा. इंडक्शनची शेगडी आली, विजेवरची स्कूटर आली. कूलरचं पोट पाण्यावर भरतं, एसीचं विजेवर. मे महिन्यात घरचा वापर आठशे युनिटांच्या वर जातो आणि दोन किलोवॅटची जुनी पॅनेलं त्यातला चतुर्थांश भार जेमतेम उचलतात. बाकीची युनिटं दराच्या सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर मोजली जातात. तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बाबा, आणखी पॅनेलं टाकू.’ मलाही वाटलं, यात काय अवघड आहे? भिंतीत एक खुंटी आहे, शेजारी दुसरी ठोकायची.

इथं मी एक कबुली देतो. मागल्या मे महिन्यात मी परवानगीशिवाय दोन पॅनेलं वाढवली. एक सोलरवाला घरी आला, वर जाऊन पाहून आला आणि म्हणाला, ‘इन्व्हर्टर तोच राहील, मीटर तेच राहील, कुणाला काय कळतं?’ 545 वॅटची दोन नवी पॅनेलं त्यानं जुन्या सहांच्या रांगेत, त्याच तारेत ओवली. अर्ध्या दिवसाचं काम. दोन किलोवॅटचे तीन झाले, असं त्यानं कागदावर लिहून दिलं. कागदावर ते बरोबरच होतं. चूक त्याची होती तशी माझीही होती, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

महिनाभर मोबाइलवर आलेख पाहत होतो. सोलरचा आलेख सकाळी चढतो, दुपारी माथ्यावर जातो, संध्याकाळी उतरतो, एखाद्या गोल टेकडीसारखा. आता तो पाचगणीच्या टेबललँडसारखा दिसू लागला. अकराच्या सुमारास दोन किलोवॅटला टेकायचा आणि दोनपर्यंत तिथंच सपाट. महिन्याची युनिटं वाढली, पण खर्चाच्या मानानं काहीच नाही. सोलरवाल्याला फोन केला तर म्हणाला, ढग असतील. मे महिन्यात, नागपुरात.

शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त लाइनमनला वर नेलं. माणूस गप्प, पण हाताला जाण आहे. त्यानं सोबत डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणला होता. पॅनेलाच्या मागच्या बाजूला गुडघ्यावर बसून जुन्या-नव्याच्या जोडावरच्या तारेभोवती त्याचा जबडा अडकवला. आकडा आला 8.4. मग नव्या पॅनेलाच्या पाठीवरचं लेबल मला वाचायला लावलं. तिथं 13 अँपिअर लिहिलं होतं.

‘काकाजी,’ तो म्हणाला, ‘म्हातारा बैल अन् खोंड एका जुवाले जुंपले तुम्ही. खोंड काही म्हाताऱ्याच्या पुढं जात नाही. जुनं नव्याले दाबून राहिलं.’

एवढ्या तीन वाक्यांत त्यानं मला जे समजावलं ते मला विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. पॅनेलं एकामागे एक ओवली की सगळ्यांमधून एकच प्रवाह वाहतो, आणि तो सगळ्यात कमजोर पॅनेल ठरवतं. जुन्या 325 वॅटच्या पॅनेलाचा प्रवाह साडेआठ-पावणेनऊ अँपिअरचा, नव्या मोठ्या पॅनेलाचा तेराचा. त्यामुळे 545 वॅटचं पॅनेल माझ्या छतावर चारशे वॅटही देत नव्हतं. जे देत होतं तेही दुपारी वाया जात होतं, कारण इन्व्हर्टर दोन किलोवॅटचा आणि त्याच्या तोंडाशी तीन किलोवॅटची पॅनेलं. त्याच्या पोटात जेवढं मावतं तेवढंच तो घेणार, बाकीचं उन्हातच राहणार. सकाळ-संध्याकाळ थोडं जास्त मिळावं म्हणून इन्व्हर्टरपेक्षा जरा जास्त पॅनेलं लावतात, ती पद्धत चांगली आहे. पण दोनाला तीन, आणि तेही एकाच जुवात, याला पद्धत म्हणत नाहीत.

ती दोन्ही पॅनेलं मी ऑगस्टमध्ये उतरवून घेतली. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला टेकवून, जुन्या सतरंजीखाली झाकून ठेवली आहेत. पॅनेलावर ऊन पडलं की जोडलेलं असो-नसो त्यात व्होल्टेज येतंच, म्हणून सतरंजी. नात गच्चीवर खेळते.

सरळ मार्ग काय आहे तेही त्या लाइनमननंच दाखवलं. जुन्या सहा पॅनेलांची रांग आहे तशी ठेवायची. नव्या सहांची वेगळी रांग करायची. आणि दोन एमपीपीटी असलेला पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर घ्यायचा. एमपीपीटी म्हणजे इन्व्हर्टरचं तोंडच समजा: समोरच्या रांगेकडून कुठल्या व्होल्टेजला जास्तीत जास्त वीज निघते ते सतत शोधत राहणारं. एका तोंडाला म्हातारे, दुसऱ्या तोंडाला खोंड. दोघंही आपापल्या चालीनं चालतात. आणखी एक रस्ता आहे, जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून शेजारी तीन किलोवॅटचा दुसरा बसवायचा. पण माझा इन्व्हर्टर दहाव्या वर्षात आहे आणि दुपारी त्याचा पंखा दम्याच्या पेशंटसारखा घरघरतो. त्याच्यावर आणखी भरवसा नको, असं ठरलं.

मधे दोन सोलरवाले असेही भेटले की त्यांनी जुनी पॅनेलं काढूनच टाका म्हणून धोशा लावला. ‘जुनी आम्ही घेऊन जातो, सगळं नवं करू.’ पॅनेलं वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण टक्का थकतात. माझी दहाव्या वर्षीही नव्वद टक्क्यांच्या वर चालतात, हे मी मोजून पाहिलं आहे. छत लहान असेल तर गोष्ट वेगळी: माझ्या जुन्या सहा पॅनेलांनी व्यापलेल्या जागेत आजची चांगली पॅनेलं अडीच किलोवॅटच्या आसपास बसतील. त्या अर्ध्या किलोवॅटसाठी धडधाकट पॅनेलं भंगारात कशाला घालायची? आणि भंगार म्हणजे तरी काय? ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत सोलर पॅनेलं आली आहेत, पण आमच्या भंगारवाल्याला त्यातली ॲल्युमिनियमची चौकट तेवढी कळते. काचेचं तो काय करतो हे मी विचारलं होतं. ‘नाल्यात,’ म्हणाला.

असं सगळं नीट ठरवून, मंजुरी घेऊनच काम करायचं म्हणून, दिवाळीच्या तोंडावर 17 ऑक्टोबरला मी अर्ज घेऊन निघालो. कुठल्या कार्यालयात गेलो ते लिहीत नाही. खिडकीवरच्या बाई सभ्य होत्या आणि दोष त्यांचा नव्हता. त्यांनी अर्ज उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाल्या, ‘काकाजी, पण तुमच्याकडे तर आहेच ना सोलर?’

या एका प्रश्नावर माझं घोडं अडलं आहे. मला जो फॉर्म मिळाला तो नव्या सोलरचा. त्यात ‘आधीची क्षमता’ असा रकाना नाही. एका टेबलावर सांगितलं, आधीचं रद्द करा आणि पाच किलोवॅटचा नवा अर्ज करा. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, रद्द अजिबात करू नका, नाहीतर आत-बाहेरची वीज मोजणारं नेट मीटरही जाईल. तिसऱ्यानं जुन्या कराराची प्रत मागितली. ती दिली, तर म्हणाले, बसवणाऱ्या एजन्सीचं पत्र आणा. ती एजन्सी 2021 मध्येच बंद पडली. चौथ्या फेरीला मी माझ्या ओळखीचा शेरा मनातल्या मनात मारला: पत्ता अपुरा.

खरं तर पत्ता कायद्यात लिहिलेला आहे. वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत केंद्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती केली. 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला तर तो वितरण कंपनीनंच वाढवायचा. 5 किलोवॅटपर्यंत जाळं भक्कम करायचा खर्चही तिचाच. बसवून झालं की सुरू करून द्यायला पूर्वी 30 दिवस होते, ते 15 केले. माझं जुनं आणि नवं मिळून सव्वापाच किलोवॅट होतं, म्हणजे दहाच्या बरंच आत. पण या नियमाचा कागद पुढे केला की उत्तर येतं, हे नवीन ग्राहकांसाठी आहे. तसं त्यात लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. दोनाचे पाच करणारा माणूस शून्याचे पाच करणाऱ्यापेक्षा जाळ्याला कमीच त्रास देतो, हे साधं अंकगणित आहे.

अनुदानाचं मी आपल्याकडे मागत नाही, तो दिल्लीचा प्रांत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये मिळतात, 78,000 वर गाडी थांबते. तीनाच्या पुढे कुणालाच काही नाही. ठीक आहे. ज्याच्या घरावर काहीच नाही त्याला आधी मिळालं पाहिजे, यावर माझी कुरकुर नाही. मला पैसे नकोत, रकाना हवा.

रकाना नसला की काय होतं ते मी स्वतः करून पाहिलं आहे. लोक कुंपणावरून उडी मारतात. मी मारली. ‘कुणाला काय कळतं’ म्हणणारे सोलरवाले प्रत्येक शहरात असणार. अशा छतावर कुठली तार कुठं ओवली आहे, अर्थिंग खरंच जमिनीत गेलं आहे की नुसतंच भिंतीवरून खाली सोडलं आहे, इन्व्हर्टरच्या तोंडाला झेपेल त्याहून जास्त प्रवाह तर येत नाही, हे कुणीच पाहिलेलं नसतं. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या नकाशात ते छत दोन किलोवॅटचंच असतं.

आता गल्लीबद्दल. 2017 साली माझं एकट्याचं छत होतं. आज आमच्या ओळीतल्या वीस घरांपैकी अकरांवर सोलर आहे. नागपूर जिल्हा या बाबतीत राज्यात पुढे आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण सुटीच्या दिवशी दुपारी बारा वाजता, घराघरांत वापर कमी आणि ऊन कडक असताना, माझ्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेज 248, 250, 252 असं चढत जातं. 253 झालं की तो ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असं दाखवून हात वर करतो आणि काही मिनिटं बंद. 230 च्या 10 टक्के वर गेलं की बाजूला व्हायचं, असा नियमच आहे. मजा अशी की हे व्होल्टेज आम्हीच चढवतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यानं पाणी उलटं कालव्यात ढकलायचं म्हटलं तर त्याच्याकडची पातळी कालव्याहून वर लागते, तसं आहे हे. रोहित्रापासून लांबचं घर आणि जुनी बारीक तार असली की त्रास जास्त.

म्हणून डोळे झाकून सगळ्यांना वाढवू द्या असं मी म्हणत नाही. वाढवणाऱ्याच्या मीटरवर एका रविवारी दुपारी बाराला व्होल्टेज मोजा. 240 असेल तर शिक्का मारा. 252 असेल तर तार बदला, रोहित्राचा टॅप बघा, नाहीतर ग्राहकाला बॅटरी सुचवा. एक मीटर, एक माणूस, दहा मिनिटं. टेबलाटेबलावर फिरणाऱ्या अर्जापेक्षा यातून जाळ्याचं खरं चित्र कळेल.

बॅटरीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. जून महिन्यात वावटळ सुटते, कुठंतरी झाड पडतं आणि वीज जाते. वर ऊन लख्ख, पॅनेलं तापलेली, आणि घरात पंखा बंद. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही थांबतो, आणि थांबलाच पाहिजे, नाहीतर तुटलेल्या तारेवर काम करणारा माणूस आमच्या विजेनं मरेल. लाइनमन शेजारी असल्यामुळे हे मला पुन्हा सांगावं लागत नाही. सौ.ला मात्र ते आजतागायत पटलेलं नाही. ‘छतावर वीज अन् घरात मेणबत्ती,’ एवढंच ती म्हणते. यावर उपाय हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी. लाइन गेली की ते जाळ्यापासून सुटतात आणि घराच्या ठरावीक भागाला वीज देत राहतात. वाढवताना हे एकदमच केलेलं बरं, कारण इन्व्हर्टर दोनदा कोण घेणार? पण पॅनेलांवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के झाला आणि बॅटरीवर 18 टक्के आहे. कर ठरवणं आपल्या हातात नाही हे मान्य. तरी वीज कायद्याच्या कलम 86 नं आयोगाला राज्य सरकारला सल्ला देण्याचं कामही दिलेलं आहे. हा सल्ला द्यायला हरकत नसावी.

विशेष म्हणजे दिवसा वीज मुबलक आणि संध्याकाळी चणचण, हे आता दरपत्रकातच दिसतं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर 1 जुलै 2025 पासून युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत लागू झाली. मग जो माणूस स्वतःच्या खर्चानं दुपारची वीज साठवून संध्याकाळी सातला एसी त्यावर चालवेल, तो आपलंच काम करतो आहे. त्याला खिडकीवर ‘तुमच्याकडे तर आहेच ना’ असं ऐकावं लागू नये.

आता ज्यासाठी खरं तर मी पेन हातात घेतलं ती गोष्ट. मार्चअखेर.

पोस्टात मार्चअखेर म्हणजे रात्री अकरापर्यंत दिवे, बचत खात्यांची व्याजं, आणि ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आम्हा छतवाल्यांचा ताळाही त्याच दिवशी होतो. वर्षभर या महिन्याची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेली सगळी वीज कंपनी विकत घेते आणि पाटी कोरी. ज्या दरानं घेते तो, आम्ही देतो त्या दराच्या पासंगालाही पुरत नाही. 2019 च्या मार्चअखेरीला माझी 418 युनिटं अशी गेली. घरात दोघंच होतो, थंडीत कूलर बंद, पंखे बंद. नोव्हेंबरपासून थेंबाथेंबानं साचलेली ती शिल्लक होती. 1 एप्रिलला कूलर लागला तेव्हा माझ्या नावावर शून्य.

विदर्भाचा उन्हाळा पाहून कुणी ही तारीख ठरवलेली नाही. इथं छतावरचं वर्ष वेगळं असतं. पुष्कळांना वाटतं, मे महिन्यात सोलर धो धो चालत असेल. ऊन जास्त असतं हे खरं, पण पॅनेलाला गरमी सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे त्याची ताकद एक तृतीयांश टक्क्याहून थोडी जास्तच उतरते, आणि 45 अंशांच्या दुपारी पॅनेल स्वतः 65 पर्यंत तापतं. म्हणजे सात-आठवा हिस्सा तिथंच गेला. उलट फेब्रुवारीचं ऊन स्वच्छ आणि हवा गार. पिकतं थंडीत, लागतं उन्हाळ्यात, आणि कोठाराला कुलूप लागतं बरोबर मधल्या दिवशी.

दोन किलोवॅट होतं तोवर हे नुकसान चारशे युनिटांचं होतं. पाच किलोवॅट झालं की घरातल्या पाच माणसांचा थंडीतला वापर वजा जाता महिन्याला तीन-साडेतीनशे युनिटं उरतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, बारा-चौदाशे. त्यातली थोडी मार्च खाईल, बाकीची 31 तारखेला कवडीमोलानं जातील. आणि एप्रिल, मे, जूनमध्ये दोन एसींसाठी लागणारी जादा युनिटं मी पूर्ण दरानं विकत घेईन. सोलरवाल्याच्या कागदावर हा हिशेब नसतो. तो बारा महिन्यांचं उत्पादन आणि बारा महिन्यांचा वापर एकाखाली एक मांडून वजाबाकी करतो. माझ्या मुलानं मार्चची रेघ मधे ओढून पुन्हा मांडणी केली, तेव्हा खर्च वसूल व्हायचा काळ दीड वर्षानं लांबला.

घरगुती छतांचा हिशेब 31 मार्चऐवजी 30 सप्टेंबरला मिटवा. थंडीची शिल्लक उन्हाळ्याला लागेल, उन्हाळ्याची पावसाळ्याला, आणि पावसाळा संपता संपता जे काही उरेल ते कंपनीनं खुशाल घ्यावं. फार काही उरणारच नाही. शेतकऱ्याचं वर्षसुद्धा मार्चला संपत नाही.

आणि एक भीती आहे, ती बोलून टाकतो. दिवसाची युनिटं दिवसाच्याच वापरातून वळती करावीत, असा प्रस्ताव 2025 च्या दरनिश्चितीच्या वेळी चर्चेत आला होता. तेव्हापासून जुने छतवाले एकमेकांना सांगतात, ‘हात लावू नका, आहे ते चालू द्या. वाढवायला गेलात तर सगळंच नव्या नियमात जाईल.’ खरं-खोटं राहू द्या, पण या बोलण्यानं आमच्या गल्लीतले तिघं थांबले आहेत. पैसे आहेत, छत आहे, गरज आहे, आणि माणूस थांबला आहे. जुन्या क्षमतेला जुन्या करारातल्याच अटी राहतील, जे काही बदलेल ते वाढीव किलोवॅटांपुरतं, एवढं एक वाक्य आयोगाच्या सहीनं आलं तर हे तिघं उद्या सोलरवाल्याला फोन लावतील.

क्षमतावाढीचा फॉर्म कसा असावा तेही सुचवतो, चौतीस वर्षं फॉर्मच भरून घेतले आहेत. एक पान पुरे. जुनी पॅनेलं किती, किती वॅटची, कुठल्या साली बसवली. नवी किती, किती वॅटची. इन्व्हर्टरला किती तोंडं आणि कुठली रांग कुठल्या तोंडाला. बॅटरी आहे की नाही. जुनी-नवी एका रांगेत ओवलेली नाहीत अशी बसवणाऱ्याची सही. दुपारी बाराचं व्होल्टेज. जुनी एजन्सी बंद पडली असेल तर तिचं पत्र मागायचं नाही. आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत: ‘तुमच्याकडे आधीपासून सोलर असेल तर हा अर्ज तुमच्यासाठी आहे.’

पुढच्या जनसुनावणीला मी येईन. नागपुरात झाली तर बसनं, मुंबईत झाली तर विदर्भ एक्सप्रेसनं. क्लॅम्प मीटरवाल्या शेजाऱ्यालाही आणेन, तो माझ्यापेक्षा कमी बोलतो.

आज 14 फेब्रुवारी. माझ्या अर्जाला 120 दिवस झाले. दोन नवी पॅनेलं टाकीमागे सतरंजीखाली आहेत, आणि मुलानं कालच एसींच्या सर्व्हिसिंगला माणूस बोलावला आहे.

आपला,
एक छतवाला ग्राहक
नागपूर